सातासमुद्रापलीकडे : अमेरिकेचे १९५७ साल

दिवाळीला व्यापारी नवी वही पूजतो. मी जुनी उघडून बसतो. परमुलखातले एखादे सरलेले वर्ष घ्यावे आणि त्याचा जमाखर्च चाळावा, हा माझा छंद. यंदा हाती लागले अमेरिकेचे १९५७ साल.

वर्ष मोठे भरभराटीचे! त्या बारा महिन्यांत तिथे सुमारे त्रेचाळीस लाख बाळे जन्मली. म्हणजे दर सातआठ सेकंदांना एक बारसे! अशा घरांसाठी फोर्ड कंपनीने ४ सप्टेंबरला नवी मोटार आणली, एडसेल. नाव शोधायला मेरिअ‍ॅन मूर या नामवंत कवयित्रीला साकडे घातले होते. तिने इतर नावांबरोबर 'युटोपियन टर्टलटॉप' सुचवले. (मोटारीला कासवाचे नाव! कवींना विचारावेच कशाला?) अखेर हेन्री फोर्डच्या मुलाचेच नाव दिले. गाड्या नव्या नवरीसारख्या झाकूनपाकून दुकानांत नेल्या. लोक आले, मुखडा पाहून नाक मुरडून गेले. १९५९ साली गाडीच बंद झाली.

त्याच ४ सप्टेंबरला सकाळी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड शाळेला निघाली. काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये दिला होता. त्यानुसार नऊ कृष्णवर्णीय मुले सेंट्रल हायस्कुलात जायची होती, सगळी मिळून. पण एलिझाबेथच्या घरी टेलिफोन नव्हता. निरोप पोचलाच नाही. पोर एकटीच गेली. गव्हर्नर फोबस यांच्या बंदूकधारी शिपायांनी गोऱ्या मुलांना आत सोडले, हिला अडवले. मागे जमाव ओरडत होता. ती चालत बसथांब्यापर्यंत आली आणि बाकावर बसली.

त्या सकाळचा फोटो जगभर गेला. मी तो सौ.ना दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "फ्रॉक घरी शिवलेला दिसतोय हो." खरेच होते ते. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घरीच शिवलेला होता.

२४ सप्टेंबरला अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हजारएक छत्रीधारी सैनिक धाडले. त्याच संध्याकाळी ब्रुकलिनमध्ये डॉजर्स संघ आपल्या जुन्या मैदानावर शेवटचा सामना खेळला, पुढे तो लॉस एंजल्सला गेला. याच संघाने १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेऊन बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडली होती. निरोपाला प्रेक्षक किती? अवघे ६,७०२.

दुसऱ्या दिवशी ती नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. मग ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आभाळात चढला आणि वर्तमानपत्रांचे मथळे तिकडे वळले.

१९५८च्या मेमध्ये नवांपैकी अर्नेस्ट ग्रीन तिथून उत्तीर्ण झाला. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग आले होते. पुढचे वर्षभर गव्हर्नरांनी शहरातली हायस्कुलेच बंद ठेवली. एलिझाबेथला त्या शाळेतून उत्तीर्ण होता आले नाही.