कलम बांधणारे हात

आमच्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. काप नीट जुळले आणि पट्टी घट्ट बसली, की काही आठवड्यांत कलम जीव धरते. मग माणसाचे मूत्रपिंड माणसाला सहजासहजी का चालू नये? हा प्रश्न मी गेल्या वर्षी मामांच्या डायलिसिसच्या वेळी एका तरुण डॉक्टरांना विचारला. मामींचा रक्तगट जुळला नव्हता आणि मामांचे नाव प्रतीक्षायादीत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, ताई. शिकत असताना मलाही पडला होता. पण काल सकाळपासून मी झोपलेलो नाही. विचार करायला वेळ कुठे आहे?"

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात लुडबूड कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु त्या उत्तराने मी अस्वस्थ झाले. मिळाले ते वाचले आणि माझे एक मत बनले. अवयवांचा तुटवडा आहे हे आपण नेहमी ऐकतो. तितकाच तुटवडा प्रश्नाचा पाठपुरावा करायला मोकळीक असलेल्या तरुण डॉक्टरांचा आणि शास्त्रज्ञांचा आहे. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

या शास्त्राचा इतिहासच पाहा ना! दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांना दुसऱ्याची त्वचा लावली तर ती टिकत नसे. पीटर मेडावर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ प्रयोगशाळा सोडून ग्लासगोच्या रुग्णालयात गेला आणि टॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर काम करू लागला. भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाची त्वचा लावली, ती गळून पडली. त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली, तेव्हा ती अधिक लवकर नष्ट झाली. म्हणजे शरीराला पहिली ओळख आठवत होती! परका अवयव नाकारणे हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे काम आहे, हे त्यातून उमगले. तो निबंध 1943 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा मेडावर अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. एकटा शास्त्रज्ञ रुग्णापर्यंत पोचला नसता आणि एकट्या डॉक्टरला त्या गळलेल्या त्वचेचा अर्थ लागला नसता.

पुढे मेडावरने बिलिंगहॅम आणि ब्रेंट हे दोन शिष्य घडवले. ब्रेंट हा हिटलरच्या जर्मनीतून 1938 साली आईवडिलांविना इंग्लंडला आलेला ज्यू मुलगा. या तिघांनी 1953 साली दाखवून दिले, की उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी सोडल्या, तर मोठेपणी तो त्या जातीची त्वचा स्वीकारतो. शरीराला परक्याशी जुळवून घ्यायला शिकवता येते, हा आशेचा पहिला किरण होता. मेडावरला 1960 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने आपल्या वाट्याची रक्कम या दोघांबरोबर वाटून घेतली. गुरू असावा तर असा!

रॉय कॅल्न हे दुसरे उदाहरण. विद्यार्थी असताना मूत्रपिंड निकामी झालेला एक तरुण त्याच्यासमोर मरणपंथाला लागला होता. दुसरे मूत्रपिंड का बसवत नाही, असे त्याने विचारले, तेव्हा "ते शक्य नाही" एवढेच उत्तर मिळाले. तो गप्प बसला नाही. शिष्यवृत्ती मिळवून तो बोस्टनला जोसेफ मरे यांच्या प्रयोगशाळेत गेला. मरे यांनी 1954 साली जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले होते. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी तयार केलेली औषधे कॅल्नने प्राण्यांवर तपासली. त्यातून पुढे आलेल्या ॲझाथायोप्रिनमुळे 1962 पासून नात्याबाहेरच्या माणसाचे मूत्रपिंडही टिकू लागले. एलियन यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या मुंबईतही हिंमत होती. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते! रुग्ण काही तासांतच दगावला. त्या वर्षी जगभर शंभरांहून अधिक हृदये बसवली गेली, पण बहुतेक रुग्ण वाचले नाहीत आणि बहुतेक रुग्णालयांनी हात टेकले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शमवे यांनी मात्र संशोधन चालू ठेवले. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या फिलिप केव्हज या तरुण शल्यविशारदाने मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन तुकडा तपासण्याची रीत बसवली. नाकारण्याची चाहूल आधीच लागू लागली. ज्यांनी शिकणाऱ्यांना जागा दिली, तेच तग धरून राहिले.

यावर एक आक्षेप येईल. इथे खाटा पुरत नाहीत, रुग्ण जमिनीवर झोपतात, तिथे संशोधनाचे चोचले कशाला? आक्षेप खोटा नाही. मामांसारख्यांना आज डायलिसिस हवे, उद्याचा शोध नको. पण मिळालेले मूत्रपिंडही आयुष्यभर औषधे घेऊन जपावे लागते, आणि ती औषधे प्रतिकारशक्तीच दुबळी करतात. हे कोडे कोणीतरी सोडवायलाच हवे. ते परक्यांनीच सोडवावे आणि आपण केवळ विकत घ्यावे काय?

माझे मागणे मोठे नाही. प्रत्यारोपण शिकणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षे तरी वॉर्डाच्या धबडग्यातून सोडवून शास्त्रज्ञाच्या हाताखाली द्या. शास्त्रज्ञाला आठवड्यातून एक दिवस रुग्णाच्या खाटेपाशी उभे करा. विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला द्या. माझ्यासारख्या पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्यांच्या घरी पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते. विद्यावेतन सहा महिने थकले, तर असा मुलगा कितीही हुशार असला तरी संशोधन सोडून दवाखाना टाकेल. त्याला दोष कसा द्यायचा? आणि निबंधावर शिष्याचे नाव घालताना गुरूंनी हात आखडता घेऊ नये.

कलम बांधणे पुस्तकातून येत नाही. जाणत्या माळ्याशेजारी बसून, दहा कलमे वाळवून, मग अकरावे जगते. ती दहा वाळू द्यायची तयारी आपली आहे काय? मामा अजून यादीत आहेत. ते तरुण डॉक्टर परवा भेटले, तेव्हाही घाईतच होते.