घरातले कंडम

रेल्वेत 'कंडम' हा शब्द खलाशापासून साहेबापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. डबा कंडम झाला, बॅटरी कंडम झाली, की तिची नोंद होते, ती स्टोअर डेपोत जाते, तिचे वजन होते, लिलाव होतो. निदान कागदावर तरी तिचा ठावठिकाणा राहतो. पण आपल्या क्वार्टरमधला टीव्ही, मोबाईल, मिक्सर किंवा इन्व्हर्टर कंडम झाला तर त्याची नोंद कोठेही नाही. तो माळ्यावर जातो आणि दिवाळीची सफाई निघाली की कबाड्याच्या हातगाडीवर चढतो. (झाशीत इतकी वर्षे काढून आपणही भंगारवाल्याला कबाडी म्हणू लागलो आहोत.) पुढे त्याचे काय होते, याचा विचार आपण करीत नाही. तो आता करणे भाग आहे.

काही सहकारी म्हणतील, रिक्त पदे भरली जात नाहीत, पेन्शनचा प्रश्न सुटलेला नाही, अशा वेळी युनियनने भंगारावर अग्रलेख लिहावा काय? आमचे उत्तर असे की, तो टीव्ही शेवटी जो हातोड्याने फोडतो, तोही कामगारच आहे. त्याला ना मस्टर, ना प्रॉव्हिडंट फंड, ना हातमोजे. आणि त्याने जाळलेल्या तारांचा धूर कॉलनीची भिंत पाहून थांबत नाही.

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, मोठ्या ट्यूबमध्ये किलोभराहूनही अधिक. सर्किट बोर्डाच्या डाखात शिसे, ट्यूबलाईटमध्ये पारा, जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये कॅडमियम. वस्तू धड असेपर्यंत यातले काही बाहेर येत नाही. धोका आहे तो मोडण्याच्या पद्धतीत. तांब्यासाठी तार जाळली की वरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखे विष हवेत जाते. बोर्डातील रतीभर सोने काढण्यासाठी तो तेजाबात बुडवतात आणि उरलेले तेजाब नालीत सोडतात. शिशाचा परिणाम सर्वांत जास्त लहान मुलांच्या मेंदूवर होतो, आणि हे काम बहुधा घरातच चालत असल्याने मुले तेथेच खेळत असतात.

हे लांबचे नाही. आपल्याच प्रदेशातले मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांचे शहर. तेथे सर्किट बोर्ड जाळून तांबे काढण्याचा धंदा इतका वाढला की रामगंगेच्या काठावर काळ्या राखेचे ढीग साचले आणि राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावे लागले. भांडी घडवणारे कुशल कारागीर मजुरी परवडेना म्हणून बोर्ड जाळू लागले, ही त्यातली खरी शोकांतिका आहे.

दिल्लीच्या मायापुरीची हकिकत तर प्रत्येक स्टोअर डेपोत सांगितली गेली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सर्गाच्या प्रयोगांचे एक यंत्र होते. ते १९८५ पासून बंद पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते कंडम म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट-६० होते. हात भाजले, केस गळाले, अनेक जण रुग्णालयात गेले आणि एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. ज्यांनी विकले त्यांच्या कागदावर ते फक्त भंगार होते. फोडणाऱ्याला आत काय आहे हे कोणीही सांगितले नव्हते. घरातला टीव्ही म्हणजे कोबाल्ट नव्हे, हे आम्हाला समजते. पण 'आत काय आहे' हे न सांगता माल पुढे ढकलण्याची रीत तीच आहे.

जगाचा हिशेबही पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विजेचा व इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. एका मालगाडीत ३,५०० टन धरले तर १७,७०० गाड्या भरतील. त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची.

कायदा नाही असे नाही. देशात या कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले व मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. माल बनवणाऱ्या कंपनीनेच त्याच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, हे त्यांचे सूत्र आहे. सूत्र चांगले आहे. परंतु कंपनी आपले उद्दिष्ट नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊन पूर्ण करू शकते. झाशीच्या एखाद्या गल्लीतल्या घरातून बंद पडलेला मिक्सर उचलून नेणारा माणूस त्या प्रमाणपत्रात कोठे दिसतो? तो काल होता तेथेच आज आहे.

याच नियमांत मोठ्या वापरकर्त्यांवर बंधन आहे. वर्षात १,००० किंवा त्याहून अधिक अशी उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच द्यावयाचा आहे. आरक्षण कार्यालयांतील संगणक, जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वॉकीटॉकी, सिग्नल विभागातले कार्ड मोजायला बसा, आकडा किती होतो ते दिसेल. टपाल खात्याचेही तेच. २०१७ पासून 'दर्पण' योजनेत खेड्यांतील एक लाखाहून अधिक शाखा कार्यालयांना हातातली यंत्रे दिली गेली. ग्रामीण डाकसेवकाच्या पिशवीतले ते यंत्र कधी तरी कंडम होणारच. तेव्हा ते नेमके कोणाच्या हाती जाते, हे विचारण्याचा हक्क त्याच्या संघटनेला आहे.

मग करायचे काय? कबाड्याला कॉलनीत बंदी करा, अशी सूचना काही सुशिक्षित मंडळींकडून येते. आमचा तिला साफ विरोध आहे. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी आपली युनियन केली, ओळखपत्रे मिळवली आणि २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. गरिबाचे काम न काढता ते सुधारता येते, याचा याहून चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही. एप्रिल २०१९ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने याच प्रश्नावर सरकार, मालक व कामगार यांना एकत्र बसवले होते. तिथला विषयही हाच होता, की या कचऱ्यातले काम माणसाला साजेसे कसे व्हावे.

झाशीतही हे होऊ शकते. रेल्वे कॉलनीत महिन्यातून एक दिवस ठरवावा, कबाड्यानेच घरोघर जाऊन माल उचलावा, त्याला योग्य दाम मिळावा, पण त्याने तो न फोडता डिव्हिजनच्या एका शेडमध्ये जमा करावा आणि तेथून तो नोंदणीकृत कारखान्याला पावतीसह जावा. मोडण्याचे काम त्याच्याकडून काढायचे आणि गोळा करण्याचे त्याच्याकडेच ठेवायचे, एवढीच युक्ती आहे. टपाल कचेऱ्यांचाही यात उपयोग होईल. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००८ मध्ये सुमारे १,५०० कचेऱ्यांतून फुकट पाकिटे देऊन जुने मोबाईल व शाईची काडतुसे गोळा करण्याचा प्रयोग केला होता. आपल्याकडे हेड पोस्ट ऑफिसात एक पेटी ठेवणे अवघड नाही. मात्र फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या टपालाच्या थैल्यांत टाकण्यास कर्मचाऱ्यांनी ठाम नकार द्यावा. त्या पेट घेतात, आणि आर.एम.एस.मध्ये थैली फेकताना कोणी हळुवारपणे फेकत नाही.

राहिला घरचा भाग. जी वस्तू दुरुस्त होते ती कचरा नाही. सीपरी बाजारात मोटर नव्याने भरून देणारे कारागीर आहेत, त्यांना काम द्या. एलईडी दिवा गेला तर बहुतेक वेळा आतला ड्रायव्हर किंवा एखादा दाणाच गेलेला असतो. मुलांना नवा मोबाईल हवा असतो तो जुना बिघडला म्हणून की शेजाऱ्याने घेतला म्हणून, हे एकदा विचारून पाहावे. बोनस हातात आला की हप्त्यावर मोठा टीव्ही घेण्याची जी चढाओढ कॉलनीत लागते, तीबद्दल आम्ही अधिक लिहीत नाही.

स्टोअर डेपोतील कायम व कंत्राटी कामगारांना हातमोजे, मास्क व प्रशिक्षण, लिलावाच्या मालासोबत आत काय आहे याची यादी, आणि कॉलनीतील जमा शेड, हे तीन मुद्दे आम्ही पी.एन.एम. बैठकीच्या अजेंड्यासाठी देत आहोत. शाखा सचिवांनी आपापल्या डेपोत सध्या कोणता इलेक्ट्रॉनिक माल किती काळ पडून आहे आणि तो उचलणारे कंत्राटी कामगार किती आहेत, याची माहिती लेखी स्वरूपात पाठवावी. तोंडी माहितीवर प्रशासन बोलत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.