तिची ती ‘देणगी’, त्याची ती ‘बुद्धी’!

मुलगी जिंकली की लोक म्हणतात, ‘उपजतच आहे तिच्या हातात!’ मुलगा जिंकला की, ‘काय डोकं लावतो!’ हा भेद किती मुरलेला आहे ते पाहायचं तर अमेरिकेतल्या ॲना ली वॉटर्स या व्यावसायिक पिकलबॉलपटूकडे बघा.

पिकलबॉल हा १९६५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला, टेनिस-बॅडमिंटनच्या जातकुळीतला खेळ. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी तो आपल्याकडे आणला. ४४ फूट लांब, २० फूट रुंद मैदान, लहानशा फळीसारखी बॅट, भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा, त्याचं नाव चक्क ‘किचन’! त्यात उभं राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारायला मनाई. म्हणून चेंडू हळूच समोरच्या किचनमध्ये टाकत राहायचा आणि समोरची चुकेपर्यंत वाट बघायची, ही रूढ रीत. बायकांच्या दुहेरीत तर संयम हाच धर्म!

२००७ साली जन्मलेली ॲना ली २०१९ मध्ये, बाराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाली. जोडीदार आणि प्रशिक्षक कोण? तिची आई, ली वॉटर्स. या मायलेकींनी ती रीत मोडली. हळुवार टाकण्याच्या जागी जोरदार, सपाट फटके. हा काय आडदांडपणा? हिशेब बघा. चौघी किचनच्या रेषेवर आल्या की मधे अंतर उरतं जेमतेम चौदा फूट. वेगवान चेंडू बॅटच्या हाताच्या काखेवर रोखला की समोरचीचं कोपर अडकतं, फटका धड बसत नाही, चेंडू वर उडतो. तो मारायला दुसरी टपलेलीच असते. म्हणजे पहिला फटका मारतानाच पुढचे दोन ठरलेले असतात. याला विचार नाही तर काय म्हणायचं?

मिश्र दुहेरीत पुरुषाने मैदानाचा मोठा भाग अडवायचा आणि बाईने आपला कोपरा सांभाळायचा, हीही रीतच. ॲना ली तिथेही पुढे होऊन हल्ला करते. बेन जॉन्सबरोबर तिने कित्येक स्पर्धा जिंकल्या. त्याच्या खेळाबद्दल बोलताना लोकांना बुद्धिबळ आठवतं, त्याचं अभियांत्रिकीचं शिक्षण आठवतं. तो हुशार आहे, वादच नाही. पण तिच्या वाट्याला शब्द येतो ‘अद्भुत बालिका’. एकच मैदान, एकच विजय, आणि श्रेयाच्या वह्या मात्र दोन!

कुणी म्हणेल, कौतुकच तर करतात, बिघडलं कुठे? बिघडतं ते इथे. ‘देणगी’ म्हटलं की सराव पुसला जातो, अभ्यास पुसला जातो, शिकवणारी आईही पुसली जाते. जे ‘उपजत’, त्याचं मोल द्यावं लागत नाही. स्वयंपाक, मुलं सांभाळणं, आजाऱ्याची सेवा, सगळं ‘उपजत’ ठरवूनच तर फुकटात करून घेतलं ना आपल्याकडून? आणि बाईकडे नुसती देणगीच असेल, तर प्रशिक्षकाच्या नि निवड समितीच्या खुर्चीवर तिला बसवायचं कशाला?

तेव्हा यापुढे खेळाडू मुलीची मुलाखत घ्याल तेव्हा घरच्यांचा पाठिंबा आणि आवडता पदार्थ जरा बाजूला ठेवा. विचारा, ‘तो फटका तू का निवडलास?’ आणि तिचं उत्तर पूर्ण छापा.