प्रतिष्ठेची अश्वशक्ती

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात करवीरच्या छत्रपतींची स्वारी जुन्या मेबॅक मोटारीतून येते. राजाराम महाराजांच्या काळातील ती जर्मन मोटार पाहण्यासाठी लहानथोर गर्दी करतात, शमीपूजन होते, सोने लुटले जाते आणि मोटार पुढच्या दसऱ्यापर्यंत दृष्टीआड होते. त्या मोटारीमुळे गर्दीतल्या कोणालाही आपण कमी आहोत असे वाटत नाही, कारण ती आता एका संस्थानाच्या इतिहासाची खूण झाली आहे. याच चौकातून वर्षभर ज्या नव्या, उंच, काळ्या काचांच्या आलिशान मोटारी जातात, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या पाहणाऱ्याला काही सांगू इच्छितात, आणि ते सांगणे सहसा त्यांच्या मालकाविषयी असते.

‘एसयूव्ही’ या तीन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या वाहनाचे मूळ शेतात आणि रणभूमीवर आहे. चिखल, उतार, दगडधोंडे यांतून वाट काढणाऱ्या जीपचे ते वंशज. इंग्लंडमध्ये १९७० साली रेंज रोव्हर आली आणि त्या रांगड्या सांगाड्यावर ऐषारामाची झूल चढली. शर्यतीच्या मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या पोर्श कंपनीने २००२ मध्ये केयेन बाजारात आणली. लॅम्बोर्गिनीने २०१७ च्या अखेरीस उरुस सादर केली. मराठी वाचकाला जत्रेची आठवण करून देणारे हे नाव योगायोगाचे असले, तरी अगदीच अप्रस्तुत नाही. दोन टनांहून अधिक वजनाची ही मोटार ६५० अश्वशक्तीच्या बळावर ३.६ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना घालून दिलेली वेगमर्यादाही ताशी १०० किलोमीटरच आहे. म्हणजे कायद्याने जेवढा वेग वापरता येतो, तो चार सेकंदही न लोटता संपतो. त्यापुढची सारी शक्ती विकत घ्यायची, ती न वापरण्यासाठी.

२०१८ च्या जानेवारीत ही मोटार भारतात आली, तेव्हा तिची किंमत कर आणि नोंदणी वगळून तीन कोटी रुपये होती. कोल्हापूरच्या मापाने मोजायचे, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या टनाला ३,५५० रुपये या रास्त आणि किफायतशीर दराने तीन कोटी म्हणजे सुमारे साडेआठ हजार टन उसाचे मोल. शाळेच्या मापाने मोजायचे, तर २०२३ मध्ये दरमहा १६,००० रुपये ठरलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाच्या मानधनाची १५६ वर्षे. अशी तुलना केली की ती मत्सरातून आली आहे, असा आक्षेप लगेच घेतला जातो. परंतु किंमत ही समाजाच्या निवडीची नोंद असते, आणि नोंदवही वाचणे म्हणजे मत्सर नव्हे.

उंच आसनाचे अर्थशास्त्र

जी शक्ती वापरता येत नाही तिच्यासाठी माणूस एवढे पैसे का मोजतो, या प्रश्नाचे उत्तर थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच देऊन ठेवले आहे. श्रीमंती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. वस्तू जितकी अनावश्यक, तितकी ती दाखविण्यास अधिक उपयोगी. पुढे १९७६ मध्ये फ्रेड हर्श याने या विचाराला महत्त्वाची जोड दिली. काही वस्तूंचे मूल्य केवळ इतरांजवळ त्या नसण्यावर अवलंबून असते. मिरवणूक पाहताना पुढच्या रांगेतील एकजण टाचा उंचावतो, मग सगळेच उंचावतात, आणि शेवटी कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात.

दक्षिण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात हा टाचा उंचावण्याचा इतिहास मोटारींच्या नावांतून वाचता येतो. सहकारी साखर कारखान्याच्या आवारात एके काळी चेअरमनांची जीप उभी राही. शिवारात आणि सभेला तीच जात असे, आणि तिच्यावरचा चिखल हा कामाचा पुरावा मानला जाई. मग पांढरी ॲम्बेसेडर आली. १९९४ मध्ये सुमो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००९ मध्ये फॉर्च्युनर. प्रत्येक वेळी आधीची मोटार गावोगावी पोहोचली आणि पुढाऱ्याला तिच्याहून उंच आसनाची गरज भासू लागली. आता फॉर्च्युनरही तालुक्यात सामान्य होऊ लागली असल्याने नजर रेंज रोव्हर, जी-वॅगन आणि त्यापलीकडे वळली आहे. या शर्यतीला अंतिम रेषा नाही, कारण ती रेषा पळणाऱ्यांसोबतच पुढे सरकते.

मोटारीचा आकडाही या शर्यतीत उतरला आहे. पसंतीच्या नोंदणी क्रमांकांचे शुल्क राज्य शासनाने २०२४ च्या ऑगस्टअखेर वाढविले. त्यानुसार चारचाकीच्या ‘०००१’ या क्रमांकासाठी बहुतेक जिल्ह्यांत तीन लाखांऐवजी पाच लाख रुपये आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चार लाखांऐवजी सहा लाख रुपये मोजावे लागतात. ज्या क्रमांकाने मोटार एक पाऊलही अधिक पुढे जात नाही, त्याच्यासाठी सामान्य कुटुंबाची पहिली मोटार येईल एवढी रक्कम दिली जाते.

कर्जाचा मोठेपणा

ही हौस केवळ स्वतःच्या शिलकीतून भागविली जाती, तर तिची चर्चा नीतिशास्त्रावर सोपविता आली असती. परंतु तिच्यात सार्वजनिक पैसा गुंतलेला आहे. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. व्यवहार ६५ कोटींचा होता आणि त्याचे देशभर कौतुक झाले. मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्याने आपले सामर्थ्य दाखविले, ही त्यामागची भावना समजण्यासारखी होती. परंतु पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. या खरेदीचा मोठा भाग स्टेट बँकेच्या सात टक्के दराच्या कर्जातून आला होता, आणि त्याच भागातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांच्या घरात व्याज भरावे लागत होते. बँकेच्या दृष्टीने हे तर्कसंगतच होते. मोठा, खात्रीचा ग्राहक नेहमीच स्वस्तात कर्ज मिळवितो. पण ज्या व्यवस्थेत दिखाऊ उपभोगाला भांडवल स्वस्त आणि उत्पादनाला महाग पडते, तिचा हिशोब कोठेतरी चुकतो आहे, हे मान्य करावे लागेल.

याहून बिकट स्थिती मधल्या माणसाची होते. ज्याची खरी ऐपत लहान मोटारीची आहे, तो गावातील मानासाठी मोठी घेतो. उदाहरणादाखल ४० लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ६४ हजारांच्या पुढे जातो आणि एकूण परतफेड ५४ लाखांवर पोहोचते. तोवर मोटारीचे मोल निम्म्याच्याही खाली आलेले असते. शेत विकून आलेली रक्कम, भूसंपादनाची भरपाई, वडिलांची निवृत्तीनंतरची पुंजी अशा प्रकारे चार चाकांवर बसून निघून जाते. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला, तरी ‘मुलाला गाडी हवी’ या सौम्य वाक्याआड तो जिवंत आहे, आणि ती गाडी कोणती असावी हे आता मुलीच्या बापाने विचारायचे राहिलेले नाही.

घडविणारे शहर

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक टोचावा असे एक कारण आहे. हे शहर मोटारी मिरविण्यापूर्वी यंत्रे घडवीत आले आहे. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न राहता चित्रपटाचा कॅमेरा येथेच तयार केला. पुढे उद्यमनगरच्या गाळ्यांतून ऑइल इंजिने बाहेर पडली, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्र्यांत ओतलेले सुटे भाग देशातील आणि परदेशांतील वाहन उद्योगाला जातात. भट्टीसमोर उभ्या असलेल्या मोल्डरच्या हातचे काम कोणत्या झगमगत्या मोटारीच्या पोटात जाते, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. किमतीत त्या कामगाराचा वाटा किती आणि समोर लावलेल्या बोधचिन्हाचा किती, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

हाच धडा २०२५ च्या जूनमध्ये चपलेने दिला. इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे मांडली आणि प्रारंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेसाठी कोल्हापूर पेटून उठले, ते योग्यच झाले, आणि कंपनीलाही प्रेरणा कोठून घेतली हे मान्य करावे लागले. चामडे, शिलाई, घाट तोच; बदलले ते नाव, आणि नावाबरोबर किंमत. चपलेच्या बाबतीत ज्या शहराला हे क्षणात उमगले, त्याने मोटारीच्या बाबतीत मात्र नावापुढे मान तुकवावी, हे विसंगत आहे.

रस्ता सर्वांचा

राहिला रस्त्याचा प्रश्न. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या वाहनांचा पुढचा भाग चाळीस इंचांहून उंच असतो, त्यांनी पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. म्हणजे आत बसलेल्याला जी उंची सुरक्षित वाटते, तीच बाहेरच्याला घातक ठरते. महाद्वार रोडसारख्या अरुंद, माणसांनी भरलेल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मरण पावले. ती मोटार उंच बांध्याची नव्हती, पण प्रतिष्ठेच्या याच बाजारातील होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालक सतरा वर्षांचा होता. जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आले आणि त्यावर देशभर संताप उसळला. परिवहन आयुक्तांनी दिलेल्या माहितीप्रमाणे त्या कोट्यवधींच्या मोटारीची कायम नोंदणी अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने रखडली होती. वस्तूसाठी कोट्यवधी आणि नियमासाठी पावणेदोन हजारही नाहीत, या दोन आकड्यांत बरेच काही आले.

आक्षेप आणि उपाय

या मोटारींच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. उत्तम अभियांत्रिकीचा आनंद खरा असतो. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होऊ लागली, तेव्हा या मागणीतून मराठी मुलुखात रोजगारही येतो. श्रीमंताने पैसा तिजोरीत ठेवण्यापेक्षा खर्च करावा, हेही खरे. कष्टाने उद्योग उभारणाऱ्याने आवडीची मोटार घेतली, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो मोटारीवरून माणसाची योग्यता ठरविण्याला, आणि त्या मापाची किंमत इतरांना मोजावी लागण्याला.

म्हणून काही गोष्टी मागता येतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरील वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून होणारा पन्नास टक्क्यांचा भार चाळीस टक्क्यांवर आला. लहान मोटारींवरील कर अठरा टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह. परंतु दोन टनांच्या मोटारीला सवलत कोणत्या गरजेपोटी दिली, याचे उत्तर मिळाले पाहिजे. राज्याच्या वाहनकरात किमतीबरोबर वजन आणि अश्वशक्ती यांचाही विचार व्हावा, कारण रस्त्याची झीज आणि इतरांचा धोका त्यांनीच वाढतो. पसंतीच्या क्रमांकांतून येणारी रक्कम त्या-त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीला दिली, तर केएमटीच्या थांब्यावर तिष्ठणाऱ्या विद्यार्थ्याला मोठ्या मोटारीचा थोडा तरी उपयोग होईल. सहकारी संस्थांनी पदाधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या मोटारींची किंमत आणि खर्च वार्षिक अहवालात स्वतंत्रपणे दाखवावा; त्या मोटारीत सभासदांचा ऊस आणि दूध असते.

जॉन गालब्रेथ यांनी १९५८ मध्येच खासगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य यांच्या सहवासाविषयी इशारा दिला होता. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा कितीही अश्वशक्तीची मोटार असली तरी तिला मालमोटारींच्या रांगेतच थांबावे लागले. शाहू महाराजांच्या संस्थानाने आपले द्रव्य राधानगरीच्या धरणात आणि सर्व जातींच्या विद्यार्थी वसतिगृहांत घातले, आणि शतक उलटून गेल्यावरही ते येथील शिवाराला व शाळांना फळ देत आहे. वर्गात बसलेला विद्यार्थी मोठेपणाची व्याख्या पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. गावात कोणाला वाट करून दिली जाते आणि कोणासमोर लोक उठून उभे राहतात, यावरून शिकतो. मोटारीतून उतरणाऱ्याला मान देण्यापूर्वी त्याने काय उभारले, किती हातांना काम दिले आणि कर किती भरला, एवढे विचारण्याची सवय समाजाने लावून घेतली, तर त्या विद्यार्थ्याला मिळणारा धडा बदलेल. तो बदलण्याची जबाबदारी शिक्षकांवर आणि पालकांवर आहे, तशीच सत्कारसमारंभांच्या निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांवरही आहे.