सूचनेखाली सही कोणाची?

आपल्या शाळेतील सूचनावही सर्व माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. मुख्याध्यापकांनी सूचना लिहून खाली सही करावी, शिपायाने ती वही वर्गावर्गांत फिरवावी, शिक्षकाने शिकवणे थांबवून सूचना वाचून दाखवावी आणि समासात सही करून वही परत द्यावी, अशी ही जुनी रीत. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. ज्या दिवशी वही तिसऱ्यांदा दारात येई, त्या दिवशी वर्ग विस्कटे. पानिपतच्या रणांगणावर पोहोचलेली मुले पुन्हा बाकांवर येऊन बसत आणि त्यांना तेथे परत नेण्यात तासाची दहा मिनिटे सहज जात.

आज प्रत्येकाच्या खिशात अशी एक वही आहे आणि ती दिवसातून शेकडो वेळा उघडते. तिला इंग्रजीत नोटिफिकेशन म्हणतात. मराठीत आपण सूचनाच म्हणतो. इतिहासाचा विद्यार्थी कोणताही कागद हाती आला की प्रथम विचारतो, हा कोणी लिहिला आणि कशासाठी? हाच प्रश्न फोनवरील सूचनेला विचारून पाहावा. ‘अमुक व्यक्तीने नवे छायाचित्र टाकले आहे’, ‘या चर्चेत तीन नवी उत्तरे आली आहेत’, ‘बरेच दिवस तुम्ही इकडे फिरकला नाहीत’. यांखाली सही कोणाची? त्या मित्राची बहुधा नसतेच. सही असते ती आपण त्या पडद्यासमोर जितका वेळ बसू तितक्या अधिक जाहिराती दाखवून कमाई करणाऱ्या कंपनीची. ही सूचना नव्हे, दुकानाच्या पायरीवर उभे राहून मारलेली हाक आहे. आणि ती हाक मारण्याची परवानगी आपण दिली असेच बहुतेक वेळा धरले गेले. अँड्रॉइड फोनवर नव्या ॲपने सूचना पाठवण्यापूर्वी मालकास विचारावे, हा नियम २०२२ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून लागू झाला. तोवर नको असेल त्याने स्वतः शोधून बंद करावे, असा मामला होता.

मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दाणा अनियमितपणे, कधी लगेच तर कधी पुष्कळ उशिरा मिळत असेल, तर कबुतर कळीवर चोच मारणे सोडत नाही. शंभर निरर्थक संदेशांत एखादाच आपल्या जिव्हाळ्याचा असतो. त्या एकासाठी आपण शंभर वेळा फोन उचलतो.

मग सगळेच बंद करावे काय? मीही तसेच समजत होतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊपर्यंत साठ-सत्तर संदेश येतात. सुप्रभातची चित्रे, वाढदिवस, फॉरवर्ड केलेली भाषणे, त्यांवर उमटलेले अंगठे. (१४ एप्रिलला तर मोजणेच सोडून द्यावे, त्यात माझाही वाटा असतो.) एके दिवशी वैतागून मी तो ग्रुप म्यूट केला. आठ तास, एक आठवडा, नेहमी, असे तीन पर्याय असतात. मी ‘नेहमी’ निवडला आणि पुढे महिना-दीड महिना सुखात गेला.

त्याच काळात आपला एक माजी विद्यार्थी आईला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात होता. रात्री दहा वाजता त्याने ग्रुपवर लिहिले, ‘आईला रक्त हवे आहे, इथे कोणी आहे का?’ त्या शहरात आपले निदान चार माजी विद्यार्थी राहतात. त्याच वेळी कोणाचा तरी वाढदिवस साजरा होत होता आणि तो संदेश शुभेच्छांच्या खाली गेला. मी तो दुसऱ्या दिवशी दुपारी वाचला. रक्त तोवर शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातलगांनी दिले होते. फोन केला तेव्हा तो एका शब्दानेही रागावला नाही. ‘सर, ग्रुपवर गर्दी असते,’ एवढेच म्हणाला.

मी कान बंद केले होते, ही माझी चूक. परंतु ज्यांचे कान उघडे होते त्यांनाही ते ऐकू गेले नाही, हे आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजू अधिक भयानक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. संदेश येताच तो खरा मानायचा आणि त्याच क्षणी पुढे ढकलायचा, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणाऱ्या त्या माणसांच्या जिवावर उठली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले ते पाक्षिक म्हणून. एक अंक वाचून झाल्यावर दुसरा येईपर्यंत वाचकाला विचार करण्यास पंधरा दिवस मिळत. पाक्षिकाचा तो काळ परत येणार नाही, पण पंधरा मिनिटे तरी आपल्या हाती आहेत.

मी आता फोनमधील ॲपांची यादी काढून एकेकाची सूचना बंद केली आहे. वाजतो तो फक्त फोन. ग्रुप मी रात्री जेवणानंतर एकदाच, वर्तमानपत्र वाचावे तसा वाचतो. ग्रुपसाठीही एक विनंती आहे. फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा वेगळा ग्रुप करण्याची सोय उपलब्ध आहे. रुग्णालय, प्रवेश, नोकरीच्या जाहिराती आणि दुःखद वार्ता एवढ्यांपुरता तो असावा. शुभेच्छांचा ग्रुप आहे तसा आनंदाने चालू द्यावा. तातडीचे काही असेल तर लिहू नये, फोन करावा. त्यासाठी प्रत्येक शहरातील दोघांचे क्रमांक वसतिगृहाच्या कार्यालयात नोंदवावेत. यंदाच्या स्नेहमेळाव्यात ही यादी करण्यासाठी मी कोरी वही घेऊन दाराशीच बसणार आहे. पहिले नाव त्या विद्यार्थ्याने कालच फोनवरून सांगितले आहे. ते त्याचे स्वतःचे आहे.