टाके निघतात, जखम उरते

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) जानेवारी 2024 मध्ये एक आकडा जाहीर केला. 2009 ते 2022 या काळात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वस्तात सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर 93 अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाला. ज्या मृत्यूंचा तपशील तपासला गेला, त्यांतील बहुतेकांना रक्ताच्या किंवा चरबीच्या गुठळ्या कारणीभूत होत्या. मृत्यूंची बातमी होते. चिघळलेल्या जखमांची सहसा होत नाही. त्याच देशात 2013-14 मध्ये पाच क्लिनिकमधून चिघळलेल्या जखमा घेऊन परतलेल्या 21 अमेरिकी रुग्णांपैकी बहुतेकांत ‘मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस’ हा जंतू सापडला होता. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. नेहमीच्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, साध्या तपासणीत पटकन सापडत नाही आणि कित्येकदा काही आठवड्यांनी, वरून जखम भरल्यासारखी दिसत असताना, गाठी आणि पू घेऊन उगवतो. आपल्याकडच्या शल्यविशारदांना त्याचे कूळ ओळखीचे आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर छिद्रांच्या जागी अशाच न भरणाऱ्या जखमा ते पाहत आले आहेत.

‘टमी टक’ म्हणजे पोटावरची सैल कातडी आणि चरबी कापून पोट सपाट करणे. ही जखम इतरांहून नाजूक का, हे रक्तपुरवठ्यावरून कळते. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन कातडी स्नायूंपासून बरगड्यांपर्यंत सोडवली जाते, खाली ओढली जाते आणि जादा भाग कापून शिवली जाते. या खटाटोपात मधल्या आणि खालच्या रक्तवाहिन्या तुटतात. कातडी जगते ती मुख्यतः बाजूंनी येणाऱ्या रक्तावर. सर्वात कमी रक्त पोचते बेंबीखाली अगदी मध्यभागी, आणि टाक्यांवर सर्वाधिक ताणही तिथेच. कड काळपटते किंवा टाके उसवतात ते बहुधा याच जागी. सिझेरियनचा जुना व्रण सहसा कापलेल्या कातडीबरोबर निघून जातो. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा बरगडीखालचा व्रण मात्र बाजूने येणारे रक्त अडवतो, म्हणून तो आधी सांगावा लागतो.

तंबाखूही सांगावी लागते, आणि गडबड होते ती इथे. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, मग ते धुरातून येवो वा हिरड्यांतून. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार आठवडे तंबाखू बंद, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. अनियंत्रित मधुमेह हा दुसरा शत्रू. त्यात आता वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. 2025 पासून ‘मौंजारो’ भारतात मिळू लागले. वजन झपाट्याने उतरले की सैल कातडीचा प्रश्न येतो आणि रुग्ण प्लास्टिक सर्जनकडे वळतो. पण भूक मेलेली असताना पुरेशी प्रथिने पोटात गेलेली नसतील, तर जखम भरायला शरीराकडे सामग्रीच कमी असते.

शिवलेल्या कातडीची ताकद तिसऱ्या आठवड्यात मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असते. ड्रेनची नळी काढल्यानंतरही कातडीखाली पाणी साठू शकते आणि ते पुन्हापुन्हा सुईने काढावे लागते. ठरलेल्या दराचे ‘पॅकेज’ मात्र अनेकदा रुग्ण घरी जाण्याबरोबर संपते. अमेरिकी रुग्णांना पुढचे उपचार दुसऱ्या देशात घ्यावे लागले. पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून लातूर-चंद्रपूरला परतणाऱ्यांची अडचण फार वेगळी नाही. गावच्या डॉक्टरला आत काय केले आहे याची कल्पना नसते. विमाही मदतीला येत नाही, कारण अपघात, भाजणे, कर्करोग यांसारखे कारण नसेल तर सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून वगळलेला असतो.

म्हणून सही करण्यापूर्वी दराइतकीच चौकशी नंतरच्या सहा आठवड्यांची करावी: ड्रेसिंग कोण करणार, पाणी साठल्यास पुन्हा पैसे पडणार का, रात्री कोणाचा फोन लागणार. डिस्चार्ज कार्डवर काय शस्त्रक्रिया केली हे सविस्तर लिहून घ्यावे. ताप, वाढती लाली, दुर्गंधी, काळी पडणारी कड दिसली तर त्याच दिवशी दाखवावे. पोटरी सुजली किंवा दम लागला तर थेट रुग्णालय गाठावे. महिन्याभराने उठलेली गाठ प्रतिजैविकांच्या एका कोर्सने गेली नाही, तर पू किंवा ऊती मायकोबॅक्टेरियाच्या खास तपासणीसाठी पाठवण्यास डॉक्टरांना सांगावे.