धावता धावता मेले, नोंद 'अकस्मात मृत्यू'

ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई पदाची भरती सुरू झाली. पुरुष उमेदवाराने ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचे. या धावेत दहाहून अधिक तरुणांचा बळी गेला. मध्यरात्रीपासून रांगेत उभे केले आणि पाळी आली ती ऊन तापल्यावर, अशा तक्रारी झाल्या. कोणी उत्तेजक औषधांकडे बोट दाखवले. कारणांचा वाद चालू राहिला. पण मुख्यमंत्र्यांनी भरती तीन दिवस थांबवली आणि सकाळी नऊनंतर कोणालाही धावायला लावू नये, असे बजावले. हे शहाणपण पहिल्या मृत्यूआधी का सुचले नाही?

शिपायाच्या नोकरीसाठी कोण धावतो? शेतमजुराचा, भूमिहीनाचा पोरगा. आपल्याकडेही पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी आलेली पोरे पुलाखाली, फूटपाथवर रात्र काढतात आणि उपाशीपोटी मैदानात उतरतात. ज्यांच्याकडे प्रशिक्षक आहे, डॉक्टर आहे, त्यांच्या खेळाची गोष्ट वेगळी.

उष्माघात हे नशीब नव्हे. जोरात धावणाऱ्याच्या शरीरात उष्णता तयार होते. दमट हवेत घाम सुकत नाही, उष्णता आतच कोंडते. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि माणूस झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघातच समजावा. अंगाला घाम आहे म्हणून धोका नाही, हा गैरसमज जीवघेणा आहे. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचे नसते. आधी थंड करायचे, मग हलवायचे. बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचे, डोके धरून ठेवायचे. टब नसेल तर ताडपत्रीची झोळी करून त्यात पाणी-बर्फ ओतावा. पहिल्या अर्ध्या तासात हे झाले तर माणूस बहुधा वाचतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावात कोसळला. त्याला थंड पाण्यात बुडवलेच नाही. १३ जून रोजी तो गेला, वय १९. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलर मिळाले, त्याच्या नावाने राज्यात कायदा झाला. तिथे काही सगळे आलबेल आहे असे नाही. पण चूक कोणाची, हे कागदावर तरी आले.

आपल्याकडे पंचनामा, शवविच्छेदन, अकस्मात मृत्यूची नोंद, फाईल बंद. वास्तविक भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पण 'पोरगाच कमजोर होता' असे आयोजकाने म्हणायचे आणि तपास अधिकाऱ्याने मान डोलवायची, हे आम्ही वकिलीत पुरेसे पाहिले आहे.

म्हणून मैदानावर टब, बर्फ आणि डॉक्टर असल्याशिवाय शिट्टी वाजू नये, अशी अट भरतीच्या जाहिरातीतच हवी. वस्त्यांतून पोरांची तयारी करून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीही उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत हळूहळू लावावी, आणि भरतीच्या दिवशी मैदानावर काय होते, काय नव्हते, याचे फोटो वेळेसह काढून ठेवावेत. कोर्टात ते लागतात.